चार चुलींचं नवं

“यांनी काय खाल्लं होतं?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी संगिताकडे पाहिलं.

बुधवारी सकाळची गोष्ट. वापीच्या दवाखान्यात लाहू खाटेवर पडला होता, नाकात नळी, हाताला सलाईन. पोट ताणून चकाकत होतं. तीन महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी त्याच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती आणि आतड्याची दोन टोकं जोडली होती. जोडाची जागा अरुंद आहे, खाण्यापिण्याला जपा, हेही तेव्हाच बजावलं होतं. आता मंगळवारी रात्रीपासून लाहूला ना वारा सरत होता, ना पोटात पाणी ठरत होतं.

संगिता लाहूची धाकटी सून, त्याचं जेवणखाण तिच्याकडे होतं. तिने न अडखळता सांगितलं. सकाळी मऊ भात. दहाला मुगाच्या डाळीचं वरण, गाळून. दुपारी पेज आणि अंडं. चारला केळं. रात्री उकडलेला ओला बोंबील, काटा काढून.

“यातल्या कशानेही असं व्हायला नको,” डॉक्टर म्हणाले. “नीट ऐका. खाण्याने अडलं असेल तर ते सुटेल, आणि पुढच्या गुरुवारी मी गोळ्यांची पुढची फेरी सुरू करीन. पण खाण्याने नसेल, तर जोडातच काहीतरी झालंय. मग गोळ्या थांबवून पोट पुन्हा उघडावं लागेल. यांच्या अंगात आत्ता तेवढी ताकद नाही. म्हणून विचारतोय. काय खाल्लं?”

खाटेभोवती लाहूचा मोठा मुलगा सुनिल उभा होता. तळासरीहून येऊन मिळालेली मुलगी पुष्पा होती. उशाशी लाहूची विधवा बहीण रखमी होती. कोणी तोंड उघडलं नाही. लाहू छताच्या पंख्याकडे बघत होता.

“नक्की आठवा,” डॉक्टर संगिताला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

शनिवारी अडलेलं सुटलं. काय खाल्लं होतं ते आठवून गुरुवारी या, असं डॉक्टरांनी बजावलं आणि लाहू रानशेतला घरी आला. रविवारी सकाळी दहाला सगळे त्याच्या ओट्यावर जमले. बोलावणं सुनिलचं होतं. संगिताचा नवरा नविन बोईसरच्या कंपनीत पाळीवर होता. रविवारी सुट्टी मिळत नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. संगिताला ते खरं वाटलं नव्हतं. भावासमोर बसायची वेळ आली की नविनला सुट्टी मिळत नसे.

चूल वेगळी झाल्यापासूनची ही गोष्ट होती. गेल्या दिवाळीनंतर सुनिल आणि भारतीने समोरच्या घरात आपली चूल मांडली. पाठोपाठ रखमीनेही मागच्या झोपडीत आपली वेगळी मांडली. “मला कोणाच्या हाताकडे बघत जेवायचं नाही,” असं ती म्हणाली होती. लाहू तेव्हा कोणालाच काही बोलला नव्हता. तो धाकट्या मुलाच्या चुलीवर राहिला, म्हणजे संगिताच्या.

संगिता आत चहा करत होती. चुलीमागच्या भिंतीवर दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी दिलेला कागद तिने पिठाने चिकटवला होता. त्यावर एका बाजूला खायचं होतं: मऊ भात, गाळलेलं वरण, अंडं, मासे, दही, पिकलेलं केळं, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, खूप चावून, जेवणानंतर अंगणात दहा फेऱ्या. दुसऱ्या बाजूला फुली होती: कच्चं काही नाही, बिया नाहीत, साली नाहीत, शेंगा नाहीत, मका नाही, ताडी नाही, तंबाखू नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, हे खाऊन कॅन्सर बरा होत नाही, तो गोळ्यांनीच. पण गोळ्या सोसायला अंगात मांस लागतं आणि जोडातून जाईल असंच अन्न लागतं. हे सगळं थोडे महिने, मग हळूहळू सगळं खातील. संगिताला हे पटलं होतं. तिला समजेल असं कोणी सांगितलं की पटायचं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. कुठल्या पोराला काय पचतं हे ती रोज बघत होती.

आपल्या हातून काही चुकलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मंगळवार तिने डोक्यात दहा वेळा उलगडून पाहिला होता. मंगळवारी नवं होतं. शेतातलं नवं पीक घरात आलं की घरातल्या वडीलधाऱ्याला आधी त्याचे तीन घास भरवायचे. त्याने खाल्ल्याशिवाय त्या चुलीवरचं कोणीही ते पीक तोंडात घालत नाही. ते तिनेही केलं होतं, पण कागद बघून. नव्या तांदळाचा भात दुप्पट पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवला होता. मग नऊला ती अंगणवाडीत गेली. दहाला पाच मिनिटं येऊन वरण भरवून गेली आणि एकला परतली. बाकी वेळ लाहू एकटाच ओट्यावर बसला होता.

त्या वेळात कोणीतरी काहीतरी दिलं होतं. कोणी, हेही तिला माहीत आहे असं तिला वाटत होतं.

शनिवारी लाहूला सुनिलच्या टेम्पोतून आणलं. एरवी त्यातून चिकूचे क्रेट चारोटीला जातात. पुढे, काचेखाली, एक पिवळी पुडी पडलेली तिने पाहिली होती. तसल्या पुड्या चारोटीच्या नाक्यावर एक बाबा विकायचा. चाळीस दिवस पुडी घ्यायची, गोळ्या बंद, अन्न बंद, फक्त दुधीचा रस. सुनिल महिनाभर त्याचं नाव घेत होता.

तिने चहा बाहेर नेला.

“ये,” रखमीआत्या म्हणाली, “बस तूपण. तुझंच बोलणं चाललंय.”

“ऐकू येतंय आत्या.”

“मग बरं झालं. पुन्हा सांगायला नको. त्या तुझ्या पेजेत भात शोधायला गळ टाकावा लागतो गं. माणूस नांगर धरायचा, नांगर! त्याला तू आजारी कोंबडीसारखं भरवतेस.”

पुष्पा हसली आणि लगेच गंभीर झाली. “आत्या, हसायची गोष्ट नाही. संगिता, मला एक सांग. बाबांचे हात बघितलेस? सगळी सालं निघतायत. पायाचे तळवे लाल. हे त्या गोळ्यांचंच ना?”

“हो ताई. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मलम दिलंय.”

“म्हणजे गोळ्या अंग सोलतात, वर तुझी पेज. राहिलं काय माणसात?”

लाहू भिंतीला टेकून बसला होता. आपले सोललेले तळवे त्याने मांडीवर उलटे ठेवले.

सुनिलने कप खाली ठेवला. तो मोठ्याने बोलत नसे. ठरवून आला की आणखीच हळू बोलायचा. “हे बघा. मी कोणाला दोष देत नाही. संगिताने केलं तेवढं केलं. पण डॉक्टर स्वतः म्हणाले की तिच्या जेवणाने हे झालं नाही. मग कशाने झालं? गोळ्यांनी. नाहीतर जोडाने. दोन्हीचं औषध त्यांच्याकडे एकच, पुन्हा कापा. बाबांना मी पुन्हा टेबलावर झोपू देणार नाही. चारोटीला माझं बोलणं झालंय. चाळीस दिवस. काही नाही झालं तर आहेच की दवाखाना.”

“चाळीस दिवसांनी दवाखाना असेल,” संगिता म्हणाली. “बाबा असतील का?”

“तोंड सांभाळून बोल,” भारती दारातून म्हणाली. ती सुनिलची बायको. तिच्या घरून इथे यायला बारा पावलं लागायची, पण सणवाराशिवाय ती यायची नाही. “वडील काय तुझेच आहेत? आमचे कोणी लागत नाहीत?”

“लागतात ना वहिनी. म्हणूनच विचारते.” संगिताचा आवाज चढला. नविन नाही याचा तिला या क्षणी राग आला आणि बरंही वाटलं. “सुनिलदादा, त्या बाबाची पुडी तुमच्या टेम्पोत आहे. मी डोळ्यांनी पाहिली. मंगळवारी सकाळी मी नसताना तुम्ही ती बाबांना पाजलीत. दवाखान्यात गप्प राहिलात. सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा तुम्हीपण बघत होतात.”

पुष्पाने सुनिलकडे पाहिलं.

“काय?” सुनिल म्हणाला.

“आता सांगा. सगळ्यांसमोर सांगा. म्हणजे गुरुवारी डॉक्टरांना तरी सांगता येईल.”

सुनिल उठला. अंगण ओलांडून टेम्पोपाशी गेला, दार उघडलं, परत आला आणि पुडी संगिताच्या पुढ्यात ठेवली. पिवळ्या कापडाची, वर दोरा गुंडाळून लाखेचं बोट लावलेलं. लाख अखंड होती.

“शुक्रवारी घेतली,” तो म्हणाला. “बाबा दवाखान्यात होते तेव्हा. त्याच्या आधी मी त्या माणसाशी नुसतं बोललोय. बाबांना विचारल्याशिवाय मी त्यांच्या तोंडात पाणीसुद्धा घालणार नाही. समजलं?”

संगिताने पुडी उलटून पाहिली. दोरा कुठेही सैल नव्हता. तिने ती जपून खाली ठेवली.

“बोल ना आता,” भारती म्हणाली. “घराघरात चोर शोधत फिरतेस. आपल्या भांड्यात काय होतं ते बघ आधी.”

“चुकलं माझं,” संगिता सुनिलला म्हणाली. “दादा, चुकलं.”

 तो खाली बसला नाही, उभाच राहिला, आणि त्यावरून संगिताने ओळखलं की आता तिचं कोणी ऐकणार नाही. पुष्पा बापाच्या जवळ सरकली होती. रखमीआत्याने मान फिरवली होती. मघाशी पुष्पा नुसती गोळ्यांवर कुरकुरत होती. आता ती विचारत होती, “दुधीचा रस मी तळासरीहून आणून दिला तर चालेल का? आमच्याकडे वेलाला पुष्कळ लागलेत.”

“चालेल,” सुनिल म्हणाला. “उद्या सकाळीच निघू.”

भारती घरी गेली आणि थाळी घेऊन आली. निर्णय झाला की काहीतरी खायला द्यायचं, ही तिची सवय. डोंगरउतारावरची पावसाळी काकडी होती, हातभर लांबीची, उभ्या फोडी केलेली, मीठमिरची भुरभुरलेली. पुष्पाने फोड उचलली. रखमीने दातांनी न तुटणारी साल बोटांनी काढली. सुनिलनेही घेतली. भारतीने थाळी संगितापुढे धरली. दिली नाही असं नको व्हायला, म्हणून.

संगिताने हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

“वहिनी,” ती म्हणाली, “ही नवी काकडी ना?”

“मग काय गेल्या वर्षीची?”

“तुमच्या घरात नवं कधी झालं?”

“मंगळवारी. सगळ्यांचं मंगळवारीच होतं. हे काय विचारणं?”

“तुमच्या चुलीचे तीन घास कोणी खाल्ले?”

भारतीने सुनिलकडे पाहिलं. सुनिलच्या तोंडात फोड होती. तो चावायचा थांबला.

“बाबांनीच ना,” भारती म्हणाली. “आणखी कोण आहे वडील? पण ते... संगिता, ते काही खाणं नाही. नवं होतं ते. एवढ्या एवढ्याशा फोडी. तीन.”

“सालीसकट?”

“नव्याला कोणी साल काढतं?”

संगिता रखमीकडे वळली. तिला आता ओरडायची गरज वाटत नव्हती. “आत्या, तुमच्या चुलीचं?”

रखमी पदराने तोंड पुसत राहिली. “माझं काय, बाई. एकट्या जिवाचं. चवळीच्या शेंगा उकडल्या होत्या. भाऊ नाही खाणार तर मी खाऊ कशी? वर्षभर शेंगा बघत बसू?”

“तीन?”

“तीन घास. मूठ मूठ.”

“अगं आत्या, मूठ!” पुष्पा म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा पडला. तिने हातातली फोड थाळीत ठेवली. कोणी विचारायच्या आधीच ती म्हणाली, “मी अकराच्या गाडीने आले होते मंगळवारी. अर्ध्या तासासाठी. सासरी मोठं कोणी उरलं नाही, म्हणून म्हटलं बाबांच्याच हातून नवं करू. मक्याचं कणीस भाजून आणलं होतं. दाणे काढून दिले मी. कोवळे होते गं, दुधाळ.”

“मका,” संगिता म्हणाली.

“मला वाटलं तीन घासांनी काय होतंय.”

“मलापण तेच वाटलं,” भारती म्हणाली. तिने थाळी जमिनीवर ठेवली. “दवाखान्यात काय विचारलं ते यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. ते देवाचं होतं. ते जेवण कुठे होतं?”

सुनिल म्हणाला, “मला तर माहीतच नव्हतं की ताईपण आली होती. आत्याचंही नाही.”

कोणालाच कोणाचं माहीत नव्हतं. प्रत्येकजण संगिता नसताना आला होता, कारण संगिताने कागद दाखवला असता. प्रत्येकाने तीनच घास भरवले होते. गेल्या वर्षीच्या नव्यापर्यंत या घरात एक चूल होती. तेव्हा भात, काकडी, शेंगा, मका, सगळं चिमूट चिमूट एका पानावर यायचं आणि लाहू तीन घास खायचा. या वर्षी चुली चार झाल्या होत्या. बारा घास, त्यातले नऊ फुलीच्या बाजूचे, आणि ते सगळे दोन बोटं मावणार नाहीत अशा जोडातून जायचे होते.

“बाबा,” संगिता म्हणाली.

लाहूने मान वर केली.

“तुम्हाला चारही चुलींचं माहीत होतं. डॉक्टर तुमच्या उशाशी उभे राहून विचारत होते. तुम्ही पंख्याकडे बघत राहिलात.”

“नळी होती नाकात,” लाहू म्हणाला.

“शुद्ध होती. बोलता येत होतं. पाणी मागितलंत तुम्ही.”

लाहूने तळवे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग तो सावकाश बोलू लागला. “पुष्पा एवढ्या लांबून आली. तिला नाही म्हणू? भारती चूल वेगळी करून गेली त्याला वर्ष होत आलं. त्यानंतर पहिल्यांदा माझ्यापुढे काहीतरी घेऊन वाकली. तिला काय सांगू, कागदावर नाही? मी खाल्लं नाही तर त्यांच्या घरात कोण खाणार?”

“ते कळलं. पण दवाखान्यात?”

“दवाखान्यात नावं घेतली असती, तर यांतलं कोणी पुन्हा माझ्या ओट्याला आलं नसतं. तू...” तो थांबला. “तू घरातलीच आहेस. तू कुठे जाणार होतीस?”

रखमीने “भाऊ!” असं दबक्या आवाजात म्हटलं. लाहू जे बोलला ते त्याला स्वतःलाही आवडलेलं दिसलं नाही. भारती जमिनीकडे बघत होती.

संगिताने रिकामे कप एकात एक घातले. चार दिवस ती सगळ्यांवर संशय घेत होती. सुनिलवर, गोळ्यांवर, रात्री झोप लागेना तेव्हा स्वतःच्या हातांवरसुद्धा. या एका माणसावर मात्र तिने घेतला नव्हता.

“गुरुवारी डॉक्टर पुन्हा विचारतील,” ती म्हणाली. “खाण्याने झालं असेल तर गोळ्या, नसेल तर पोट उघडायचं. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती सुनेने स्वतःची केलेली सफाई होईल. तुम्हीच सांगा. नाहीतर उद्या सुनिलदादांबरोबर चारोटीला जा. मी अडवणार नाही.”

ती आत गेली. भिंतीवरचा कागद तिने नखाने कडा सोडवत अलगद काढला, बाहेर आणला आणि ओट्याच्या खांबाला लावला, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर. पिठाचा एक कोपरा नीट बसेना. तो सुनिलने हात लांबवून दाबला.

“वाचून दाखव गं कोणीतरी,” रखमी म्हणाली. “मला काय अक्षर कळतंय?”

पुष्पाच्या आधी भारती उठली. तिने फुलीची बाजू पहिल्यांदा वाचली, सावकाश, एकेक शब्द. शेंगांपाशी रखमीने कपाळाला हात लावला. मक्यापाशी पुष्पा उठून अंगणात गेली.

सोमवारी टेम्पो चिकू घेऊन चारोटीला गेला. लाहू त्यात नव्हता. पुडी कुठे गेली ते संगिताला कळलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण सोमवार ते बुधवार, तिन्ही दिवस, ती एकला घरी आली की आधी ओट्यावर साल, बी, दाणा काही पडलंय का ते बघायची. समोरच्या दारातून भारती तिला बघताना बघायची.  बुधवारी भारतीने तिकडूनच ओरडून सांगितलं, “दहाला वरण मीच दिलं. गाळून. बारा फेऱ्या मारल्या, दहा नाही.”

गुरुवारी वापीला सगळे गेले. तळासरीच्या नाक्यावर पुष्पा टेम्पोत चढली. नविनला सुट्टी मिळाली होती. डॉक्टरांनी लाहूचं पोट चार ठिकाणी दाबलं, कान लावून ऐकलं, वजन बघितलं, तळव्यांवरची सालं बघितली. मग खुर्चीत बसून त्यांनी कागद पुढे ओढला.

“आठवलं का? मागच्या मंगळवारी काय खाल्लं होतं?”

सगळ्यांनी सवयीने संगिताकडे पाहिलं. संगिताने लाहूकडे पाहिलं.

लाहू टेबलावरून पाय खाली सोडून बसला होता. त्याने आधी सुनिलकडे, मग दारात उभ्या भारतीकडे, मग पुष्पाकडे पाहिलं. जणू त्यांची परवानगी मागत होता. पुष्पाने मान हलवली.

“काकडी,” तो म्हणाला. “सालीसकट. तीन फोडी, मोठ्या मुलाच्या घरच्या. चवळीच्या शेंगा, बहिणीच्या. तीन मुठी. मका, मुलीच्या घरचा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “एकाच दिवशी?”

“एकाच सकाळी.”

“आणि हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं.”

 डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव लिहायला सुरुवात केली. चौदा दिवस, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मग सात दिवस थांबायचं. लिहिता लिहिता, वर न बघता, त्यांनी विचारलं, “आणखी काही होतं? सगळं सांगा.”

“भात होता,” लाहू म्हणाला. “नव्या तांदळाचा. हिच्या हातचा.” त्याने सोललेला हात उचलून संगिताकडे केला. “तो कागदावर होता.”